रिकाम्या घरांचा भरवसा

इ. स. १८७१ साली रशियातील एका रसायनशास्त्रज्ञाने एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यात इतर अनेक गोष्टींबरोबर तीन पदार्थांची माहिती दिली होती. त्यांचा अणुभार किती, घनता किती, प्राणवायूशी त्यांचा संयोग कोणत्या प्रमाणात होईल, हे सारे एखाद्या दुकानदाराने मालाची यादी द्यावी तशा निश्चिंतपणे त्याने लिहिले होते. नवल एवढेच, की त्या तिहींपैकी एकही पदार्थ तोपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडलेला नव्हता. ज्या बालकाचा अजून पत्ता नाही, त्याचे बारसेही त्याने उरकून टाकले होते. नावे होती एक-बोरॉन, एक-अल्युमिनियम आणि एक-सिलिकॉन.

ह्या नावांतला 'एक' हा शब्द रशियन नव्हे, लॅटिन नव्हे आणि ग्रीकही नव्हे. लहानपणी रूपावली घोकताना आपल्यापैकी कित्येकांनी म्हटलेला तो संस्कृत 'एक' आहे. काही दूरच्या जागांसाठी त्याने 'द्वि' आणि 'त्रि' हेही शब्द वापरले. त्या काळी पीटर्सबर्ग शहरात संस्कृतचे वारे होतेच. बोटलिंक आणि रोट ह्या पंडितांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ पासून १८७५ पर्यंत तेथील अकादमीतर्फेच बाहेर पडत होता, आणि ह्याच बोटलिंकने त्याआधी पाणिनीची अष्टाध्यायी युरोपात छापून काढली होती. वर्णमालेच्या शिस्तशीर मांडणीवरून त्या रसायनज्ञाला आपल्या कोष्टकाची आठवण झाली असावी, असे अनुमान काही विद्वान करतात. अनुमान ते अनुमानच. पण न सापडलेल्या वस्तूला नाव देताना त्याने हात पसरला तो आपल्या भाषेच्या आजीकडे, ह्याचा मला एक मराठी माणूस म्हणून आनंद वाटतो, हे लपवीत नाही.

तो रसायनज्ञ म्हणजे दिमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह. शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेला मूलद्रव्यांचा तक्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्याचे नाव ऐकलेले असते. मात्र तो तक्ता पाठ करण्याची वस्तू आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. मला ह्या माणसाची कथा सांगावीशी वाटते ती त्याने भरलेल्या घरांसाठी नव्हे. त्याने जाणूनबुजून रिकाम्या ठेवलेल्या घरांसाठी.

त्याचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजी सैबेरियातील तोबोल्स्क येथे झाला. डझनाहून अधिक भावंडांतले ते शेंडेफळ. वडील इव्हान पाव्हलोविच हे तेथील विद्यालयाचे प्रमुख. पण ह्या मुलाच्या जन्माच्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही गेली. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर एवढा संसार चालणे शक्य नव्हते. तेव्हा आई मारिया द्मित्रियेव्हना हिने पदर खोचला. तिच्या माहेरच्या घराण्याचा जवळच्या खेड्यात काचेचा कारखाना होता. तो तिने चालवायला घेतला. भट्टीत वाळूची काच होताना पाहत हा मुलगा वाढला. १८४७ साली वडील वारले आणि पुढच्याच वर्षी कारखाना जळून खाक झाला.

एखादी बाई अशा वेळी हात टेकून बसली असती, तर तिला कोणी नाव ठेवले नसते. मारियाचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेले. १८४९ साली उरलेसुरले विकून, दिमित्री आणि त्याची एक बहीण ह्यांना बरोबर घेऊन ती मॉस्कोकडे निघाली. अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक. आगगाडी तिकडे नव्हतीच. सारा प्रवास घोड्यांच्या गाडीतून. आणि एवढे करून मॉस्कोच्या विद्यापीठाने मुलाला दारातूनच परत पाठवले, कारण सैबेरियातील विद्यार्थ्यांनी कझान येथे शिकावे असा नियम होता. ती पुढे पीटर्सबर्गला गेली. ज्या अध्यापन-संस्थेत नवरा शिकला होता तेथे त्याच्या एका जुन्या स्नेह्याच्या ओळखीने १८५० साली मुलाला प्रवेश मिळाला. मुलगा मार्गाला लागला, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मारियाने डोळे मिटले. दोन वर्षांनी बरोबर आलेली बहीणही क्षयाने गेली. पुढे १८८७ साली जलद्रावणांवरचा आपला ग्रंथ मेंडेलीव्हने आईच्या स्मृतीस वाहिला आणि भ्रमात न राहता कामावर विसंबून राहा, हा तिचा अखेरचा उपदेश अर्पणपत्रिकेत कृतज्ञतेने नोंदवला.

मुलाची प्रकृतीही नाजूकच होती. रक्ताच्या गुळण्या होत, आणि वैद्यांनी क्षय सांगितला होता. १८५५ साली सुवर्णपदक मिळवून तो बाहेर पडला आणि हवापालटासाठी क्रिमियात शिक्षक म्हणून गेला. तेथे पिरोगोव्ह ह्या नामांकित शस्त्रवैद्याने त्याला तपासले आणि हा क्षय नव्हे असा निर्वाळा दिला. मरणाची तयारी केलेला तरुण पुन्हा पीटर्सबर्गला परतला तो पुढची पन्नास वर्षे जगण्यासाठी.

आता त्याच्यापुढचा प्रश्न काय होता ते थोडे समजून घेऊ. सोने, चांदी, तांबे, लोखंड, कथील, शिसे, पारा, गंधक हे पदार्थ माणसाला पुरातन काळापासून माहीत. ज्याचे रासायनिक उपायांनी आणखी साधे घटक निघत नाहीत, ते मूलद्रव्य. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या जातीचे, आणि त्यांचे वजनही आपापले. हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका. त्याच्या तुलनेने इतरांचे वजन काढावयाचे, तो अणुभार. पण ह्या वजनांत विलक्षण गोंधळ होता. कोणी प्राणवायूचा अणुभार ८ धरी, कोणी १६. कोणी कार्बनचा ६ मानी, कोणी १२. आपल्या वाडवडिलांच्या काळी एका गावचा शेर दुसऱ्या गावी चालत नसे, व्यापाऱ्याला दर मुक्कामी हिशेब नव्याने मांडावा लागे, तशी रसायनशास्त्राची अवस्था होती. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे युरोपातील रसायनज्ञांची परिषद भरली. तेथे इटलीच्या कानिझ्झारोने अणुभार ठरविण्याची एक सुसंगत रीत मांडली. हायडेलबर्गला अभ्यासासाठी आलेला सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्ह त्या परिषदेला हजर होता. सर्वांनी एकच शेर वापरावा, ही गोष्ट त्याने मनात पक्की बांधून ठेवली.

१८६७ साली तो पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगे रशियन पुस्तक नव्हते, म्हणून त्याने स्वतःच ते लिहावयास घेतले. तेव्हा मूलद्रव्ये ठाऊक होती ६३. पण त्यांची ओळख करून द्यावयाची ती कोणत्या क्रमाने? पहिला खंड संपला, दुसरा सुरू झाला, आणि ह्या प्रश्नाने त्याला गाठले. चांगल्या शिक्षकाला असे प्रश्न छळतातच. जगातल्या एका फार मोठ्या शोधाचे मूळ क्रमिक पुस्तकाच्या प्रकरणवारीत आहे, ही गोष्ट मला स्वतःला फार गोड वाटते.

रशियन पंचांगाप्रमाणे १७ फेब्रुवारी १८६९, म्हणजे इतर युरोपचा १ मार्च, ह्या दिवशी तो चीज बनविणाऱ्या सहकारी कारखान्यांची पाहणी करावयास बाहेरगावी जाणार होता. त्या संबंधाने आलेल्या एका पत्राच्या पाठीवरच त्याने अणुभारांची जुळवाजुळव सुरू केली. प्रत्येक मूलद्रव्याचे नाव नि गुण वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून तो पत्त्यांच्या डावासारखे ते मांडीत बसला, असे सांगतात. कोष्टक त्याला स्वप्नात दिसले अशीही एक आख्यायिका आहे. स्वप्नाच्या कथा लोकांना आवडतात; पण कार्ल्सरूहपासून साडेआठ वर्षे जो माणूस अणुभारांच्या मागे होता, त्याच्या श्रमांचे श्रेय झोपेला देणे मला काही न्यायाचे वाटत नाही.

त्याला दिसले ते असे. मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली की काही अंतराने तेच गुण पुन्हा उगवतात. लिथियमपासून मोजू लागा. त्या काळी माहीत असलेल्या यादीत आठवे येते सोडियम, आणि त्याचा स्वभाव हुबेहूब लिथियमचा. पाण्यात टाकले की दोघेही धडपडून पेट घेऊ पाहणारे. त्यानंतर पुन्हा आठवे पोटॅशियम, तेही त्याच कुळातले. गवयाने षड्जापासून चढत जावे आणि सात स्वर ओलांडताच पुन्हा षड्जच, पण वरच्या सप्तकातला, यावा, तसा हा प्रकार. ही संगीताची उपमा माझी नव्हे. न्यूलँड्स नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने मेंडेलीव्हच्या आधीच आपल्या नियमाला सप्तकाचे नाव दिले होते. १८६६ साली लंडनच्या विद्वत्सभेत त्याची थट्टा झाली. मूलद्रव्ये नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का, असे कोणीसे त्याला विचारले. जर्मनीच्या लोथार मायरनेही जवळजवळ असेच कोष्टक स्वतंत्रपणे तयार केले होते.

मग मेंडेलीव्हचे वेगळेपण कशात? न्यूलँड्सने त्या सभेपुढे ठेवलेल्या कोष्टकात माहीत असलेली मूलद्रव्ये ओळीने बसवली होती. आणि घर रिकामे ठेवावयाचे नाही म्हटल्यावर पुढे पुढे भलत्याच मंडळींची गाठ पडू लागली. मेंडेलीव्हने उलट केले. जस्ताचा अणुभार ६५. त्याच्या नंतरचे तेव्हा माहीत असलेले मूलद्रव्य आर्सेनिक, आपल्या सोमलातले, अणुभार ७५. ओळीने बसवावे तर ते अल्युमिनियमच्या खाली येते. पण आर्सेनिकचा स्वभाव अल्युमिनियमचा नाही. ते फॉस्फरसचे भाऊबंद. तेव्हा त्याने आर्सेनिकला फॉस्फरसच्या खाली नेऊन बसवले आणि मधली दोन घरे मोकळी सोडली. पंगतीत न पोचलेल्या पाहुण्याचे पान मांडून ठेवावे, तशी. तेवढ्यावर न थांबता, पाहुणा कोण आहे, त्याचा रंगरूप काय, हेही त्याने शेजाऱ्यांवरून ताडले आणि छापून टाकले. जेथे एखाद्या मूलद्रव्याचा अणुभार कोष्टकाशी जुळेना, तेथे मापच चुकले आहे असे तो बेधडक म्हणे. युरेनियमचा अणुभार लोक १२० धरीत. त्याने तो दुप्पट करून २४० केला. आणि ते बरोबर ठरले.

ह्यातला धोका लक्षात घ्यावा. मायरनेही जागा सोडल्या होत्या. पण त्यांविषयी एवढे ठाम भाकीत करण्याचे धाडस त्याने केले नाही. शास्त्रज्ञाने नियम सांगून स्वस्थ बसावे, तर त्याला खोटे पाडणे कठीण असते. मेंडेलीव्हने मात्र स्वतःला खोटे पाडण्याचे साधन आपल्या हातांनी जगाच्या स्वाधीन केले.

चार वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८७५ च्या ऑगस्टात फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ ह्याला पिरेनीज पर्वतातील जस्ताच्या खनिजात, वर्णपटावर उमटलेल्या दोन अनोळखी जांभळ्या रेषांवरून, एक नवा धातू सापडला. त्याचे नाव त्याने गॅलियम ठेवले. मेंडेलीव्हने ताबडतोब कळवले, की हे आपले एक-अल्युमिनियम. लकॉकने घनता मोजली होती ४.७. मेंडेलीव्हने ज्याचा कणही पाहिला नव्हता त्या धातूविषयी लिहिले, की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, नमुना पुन्हा शुद्ध करून पाहावा. लकॉकने धातू शुद्ध करून पुन्हा मोजले. घनता भरली ५.९. हा धातू तिसाच्या आतच अंशांवर वितळतो. तळहातावर ठेवला तरी पाणी होतो.

१८७९ साली स्वीडनमध्ये निल्सनला स्कँडियम मिळाले; ते एक-बोरॉन ठरले. १८८६ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे विंक्लरने चांदीच्या एका खनिजाचे पृथक्करण केले, तेव्हा सर्व घटकांची बेरीज शंभरला काही केल्या पोचेना. जो भाग कमी पडत होता, त्यातून जर्मेनियम निघाले. प्रथम हे कोणते घर भरणार ह्याविषयी खुद्द मेंडेलीव्हचाही अंदाज वेगळा होता. पण लवकरच ते एक-सिलिकॉन असल्याचे उघड झाले. भाकीत होते अणुभार ७२, प्रत्यक्षात आला ७२.६, घनता सांगितली होती ५.५, निघाली ५.३५, त्याच्या ऑक्साइडची घनता ४.७ म्हटली होती, ती ४.७ च भरली. क्लोराइड शंभर अंशांच्या आत उकळेल असे लिहिले होते, ते सुमारे ८६ अंशांवर उकळले. पंधरा वर्षांत तिन्ही पाहुणे आपापल्या पानावर येऊन बसले. १८८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने मेंडेलीव्ह आणि मायर ह्या दोघांना मिळून डेव्ही पदक दिले. न्यूलँड्सलाही ते १८८७ साली मिळाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

परदेशात असा मान मिळत असता घरी काय होते? १८८० साली पीटर्सबर्गच्या अकादमीने सभासद म्हणून त्याला निवडण्याचे नाकारले. संसारातही वादळ होते. पहिल्या पत्नीशी पटेनासे झाले होते, आणि अॅना पोपोव्हा ह्या आपल्याहून सव्वीस वर्षांनी लहान असलेल्या कलाविद्यार्थिनीवर त्याचे मन बसले. घटस्फोटानंतर काही वर्षे थांबल्यावाचून नवे लग्न लावावयाचे नाही हा धर्मपीठाचा नियम मोडून त्याने १८८२ साली तिच्याशी लग्न केले. ज्या धर्मगुरूने ते लावले त्याला आपली जागा गमवावी लागली. ह्या लग्नापासून झालेली त्याची मुलगी ल्युबोव्ह पुढे प्रसिद्ध कवी अलेक्सांद्र ब्लोक ह्याची पत्नी झाली.

माणूस मुलखाचा हट्टी. केस वर्षातून एकदाच कापून घेई, असे सांगतात. १८८७ साली खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी क्लिन येथे बलून उडवावयाचे होते. पावसाने बलून भिजून जड झाले आणि दोघांचा भार घेईना, तेव्हा बलून चालविण्याचा काडीचा अनुभव नसता हा एकटाच त्यात बसून ढगांच्या वर गेला आणि सुखरूप उतरला. १८९० साली विद्यार्थ्यांचा अर्ज त्याने शिक्षणमंत्र्याकडे नेला. मंत्र्याने तो न स्वीकारता परत केला, तेव्हा त्याने विद्यापीठाचा राजीनामा दिला. पुढे १८९३ पासून तो वजने-मापांच्या सरकारी खात्याचा प्रमुख झाला. कार्ल्सरूहला एकाच शेराचे महत्त्व उमगलेल्या माणसाच्या वाट्याला अखेर सबंध रशियाचे तराजू आले. त्याच्या प्रयत्नांनी १८९९ च्या कायद्याने तेथे दशमान मापे ऐच्छिक म्हणून मान्य झाली.

चरित्रकाराने आपल्या नायकाची दुसरी बाजू झाकू नये. त्याची सारी भाकिते खरी ठरली नाहीत, बरीच फसली. १८९४ साली आरगॉन वायू सापडला, तो कोणाशीच संयोग पावेना आणि कोष्टकात त्याला घरच नव्हते. तो नायट्रोजनचाच एक प्रकार असावा असे मेंडेलीव्हने प्रथम म्हटले. पुढे त्या सबंध कुळासाठी एक नवा स्तंभ जोडावा लागला, तेव्हा त्याने तो मान्य केला. टेल्युरियम आयोडीनच्या आधी येते तरी त्याचा अणुभार अधिक भरतो. तेथेही माप चुकले आहे असेच तो म्हणत राहिला. माप चुकले नव्हते. अणुभार हा खरा क्रमांकच नव्हे, अणूच्या केंद्रातील विद्युत्भार हा खरा क्रमांक, हे १९१३ साली मोझली ह्या तरुण इंग्रजाने दाखवले. अणूहून लहान इलेक्ट्रॉन असतो, किरणोत्साराने एका मूलद्रव्याचे दुसरे होते, ह्या गोष्टी मेंडेलीव्हला शेवटपर्यंत रुचल्या नाहीत. १९०२ साली पॅरिसला जाऊन क्यूरी दांपत्याची प्रयोगशाळा पाहूनही त्याचा संशय फिटला नाही. मूलद्रव्याचे मूलपणच गेले तर आपले कोष्टक कशावर उभे राहणार, ही भीती त्यामागे असावी असे मला वाटते. प्रत्यक्षात घडले ते उलट. इलेक्ट्रॉनांच्या रचनेमुळेच तेच गुण ठराविक अंतराने पुन्हा का येतात, ह्याचा उलगडा झाला. ज्याला तो शत्रू समजला, त्यानेच त्याच्या घराचा पाया भरून दिला.

१९०६ च्या नोबेल पारितोषिकासाठी रसायनशास्त्राच्या समितीने त्याची शिफारस केली होती. पण अकादमीने ती मानली नाही आणि पारितोषिक फ्रान्सच्या म्वासाँला गेले. पुढच्या वर्षासाठी मेंडेलीव्ह उरलाच नाही. २ फेब्रुवारी १९०७ रोजी पीटर्सबर्ग येथे त्याचे निधन झाले. अंत्ययात्रेत विद्यार्थी त्याच्या कोष्टकाचा मोठा तक्ता उंच धरून चालले होते.

त्या तक्त्यातली घरे त्याच्या मागे भरतच गेली. त्याने एक-मँगॅनीज म्हणून मोकळे सोडलेले घर १९३७ साली टेक्नेशियमने भरले. १९५५ साली अमेरिकेतील बर्कले येथे १०१ वे मूलद्रव्य तयार झाले. त्याचे अवघे सतरा अणू ओळखता आले, आणि रशिया-अमेरिका वैर ऐन भरात असताही अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याला मेंडेलीव्हियम हे नाव दिले. २०१६ साली शेवटच्या चार पाहुण्यांची नावे ठरली आणि ११८ घरांचा, सात ओळींचा तक्ता पुरा झाला.

पुरा झाला खरा, पण आठवी ओळ अजून उघडावयाची आहे. तिचे पहिले घर ११९ व्या मूलद्रव्याचे. फ्रान्शियमच्या खालची ही जागा रिकामी आहे, आणि तिचा उल्लेख करताना शास्त्रज्ञ आजही कित्येकदा मेंडेलीव्हच्याच रीतीने एक-फ्रान्शियम असे म्हणतात. घरात कोणी रसायनशास्त्र शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तक्ता पाठ झाला का, हे विचारण्याआधी त्याला किंवा तिला हे एक रिकामे घर अवश्य दाखवावे.